किटलीतला पांढरा थर आणि भलत्याच जागची भीती

इलेक्ट्रिक किटली आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. वसतिगृहात राहणारी मुले, रात्रपाळीचे कर्मचारी, एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक, बाळंतिणीच्या खोलीत गरम पाण्याची सोय हवी असलेली कुटुंबे, रुग्णालयात रुग्णासोबत थांबणारे नातेवाईक अशा सगळ्यांकडे ती दिसते. काही आठवडे वापरली की तिच्या तळाशी पांढरा, खरखरीत थर धरतो आणि घरात चर्चा सुरू होते. ‘हे असले पाणी आपण पितो?’, ‘यानेच मूतखडे होतात.’ मग कोणी किटली माळ्यावर टाकतो, कोणी पाणी शुद्ध करण्याच्या महागड्या यंत्राची चौकशी करतो, तर कोणी संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड आणून थर घासायला बसतो. यातला शेवटचा उपाय खरोखर धोक्याचा आहे आणि त्याबद्दलच सर्वांत कमी बोलले जाते.

किटलीच्या बाबतीत आपली भीती भलत्याच जागी आहे. पांढऱ्या थराने कोणी आजारी पडत नाही. किटलीमुळे माणसे अपघात विभागात येतात ती उकळत्या पाण्याने भाजल्यामुळे, विजेच्या धक्क्यामुळे आणि थर काढण्यासाठी आणलेले अ‍ॅसिड पोटात किंवा डोळ्यात गेल्यामुळे. थराला किती महत्त्व द्यायचे आणि काळजी कुठे घ्यायची, हे एकदा नीट समजून घेतले तर पैसेही वाचतील आणि इजाही टळतील.

थर येतो कुठून?

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. असे किंचित आम्लधर्मी पाणी खडकांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपल्यासोबत घेते. हे क्षार पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटच्या रूपात असतात, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी तापले की बायकार्बोनेटचे विघटन होते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट भांड्याच्या तळाशी व कडांना चिकटते. शाळेच्या पुस्तकातले ‘दुष्फेन पाणी’ किंवा बोलीतले ‘जड पाणी’ ते हेच.

कोणाच्या किटलीत किती थर धरेल, हे पाणी कुठून येते यावर ठरते. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा या तलावांतले पाणी मिळते. ते मुख्यतः पावसाचे साठवलेले पाणी असल्याने त्यात क्षार कमी असतात आणि किटली महिनोन्‌महिने बऱ्यापैकी स्वच्छ राहते. दख्खनच्या काळ्या खडकात खणलेल्या बोअरवेलचे किंवा उन्हाळ्यात टँकरने येणारे पाणी वापरणाऱ्यांच्या किटलीत मात्र पंधरवड्यातच थर दिसू लागतो. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि नळाच्या तोंडाशी पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते, ते पाणी किटलीतही थर धरणारच. पूर्वी न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात हाच थर धरत असे, आज तो गिझरच्या कॉइलवर धरतो. पदार्थ नवा नाही. किटलीचे झाकण उघडले की तो रोज समोर दिसतो, एवढेच नवे आहे.

हा पदार्थ अनोळखीही नाही. कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटच असते. गरोदर स्त्रियांना चौदाव्या आठवड्यापासून आणि बाळंतपणानंतर ६ महिन्यांपर्यंत रोज २ कॅल्शियमच्या गोळ्या द्याव्यात, असे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अशा प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे जो पदार्थ सरकारी दवाखान्यातून मुद्दाम दिला जातो, त्याचाच एखादा कण चहात तरंगताना दिसला की घर हवालदिल होते. चुकून गिळलेला असा कण जठरातल्या आम्लात विरघळून जातो.

मूतखड्याची समजूत

या थराभोवतीची सर्वांत चिवट समजूत मूतखड्याची आहे. थर दगडासारखा दिसतो, खडाही दगडासारखा, म्हणून दोन्ही एकच असणार, असा हा हिशेब आहे. प्रत्यक्षात बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते तयार होण्यामागे लघवी घट्ट होणे, जेवणात मीठ आणि मांसाहाराचा अतिरेक, आनुवंशिकता आणि काही आजार ही कारणे असतात.

जेवणातून किंवा जेवताना पाण्यातून गेलेले कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते ऑक्झलेट शौचावाटे निघून जाते. कॅल्शियम फार कमी केले तर मोकळे ऑक्झलेट रक्तात शिरते आणि पुढे लघवीत येते. इटलीतील पार्मा येथे लोरिस बोर्गी आणि सहकाऱ्यांनी लघवीत कॅल्शियम जास्त जाणाऱ्या, वारंवार खडे होणाऱ्या पुरुषांचा ५ वर्षे पाठपुरावा केला आणि निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध केले. एका गटाला कमी कॅल्शियमचा आहार दिला होता, दुसऱ्याला नेहमीइतके कॅल्शियम पण कमी मीठ आणि कमी मांसाहार. दुसऱ्या गटात पुन्हा खडा होण्याचे प्रमाण जवळपास निम्मे होते. याच संशोधकांच्या १९९६ च्या अभ्यासात, पहिल्यांदाच खडा झालेल्यांपैकी ज्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितले होते त्यांच्यात ५ वर्षांत १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्के लोकांना.

‘पाणी जड आहे’ म्हणून कमी पाणी पिणारा माणूस खडा टाळत नाही, त्याला आमंत्रण देतो, हे यातून लक्षात घ्यायला हवे. उन्हाळ्यात शेतात, बांधकामावर, भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी तर या समजुतीपायी पाणी तोडणे फारच नुकसानीचे.

आकड्यांतही पाहू. एक लिटर पाण्याचा दुष्फेनपणा ३०० मिलिग्रॅम असेल, तर त्यात जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गाईच्या एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १,००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे असे ३ लिटर पाणी प्यायले तरी दीड पेला दुधाइतकेच कॅल्शियम मिळते. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात दुष्फेनपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर आरोग्याच्या कारणासाठी दुष्फेनपणाची कोणतीही मर्यादा घातलेली नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा वारंवार खडे होतात, त्यांनी किती आणि कोणते पाणी प्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. ते किटलीचा तळ पाहून ठरत नाही.

थर जे सांगत नाही ते

पांढरा थर पाण्यातले कॅल्शियम दाखवतो. पाण्यात जंतू आहेत का, फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त आहे का, यातले काहीही तो सांगत नाही. थर न धरणारे नितळ पाणीही मैलामिश्रित असू शकते. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण थोडे वाढते. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणी आणि वेगळा स्रोत हाच मार्ग आहे.

घरोघरी फिरणारे विक्रेते पेनासारखे मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतात. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो, जंतूंचा नसतो. काही जण पाण्यात लोखंडी कांड्या घालून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी झाले की ‘बघा ही घाण’ म्हणतात. तो रंग बहुतांशी कांडीतल्या लोखंडाचा असतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून यंत्रातले पाणी तसेच नितळ राहते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या ठिकाणी आरओ यंत्रांवर बंदी घालण्याची सूचना केंद्राला केली होती, कारण ती यंत्रे बरेच पाणी वाया घालवतात.

जंतूंच्या बाबतीत किटली हे उत्तम साधन आहे. खळखळून उकळी आली की कावीळ पसरवणारे हिपॅटायटिस ए आणि ई चे विषाणू, टायफॉइड, कॉलरा आणि जुलाबाचे जिवाणू मरतात. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण अचानक वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. तेव्हा नागरिकांना दिलेल्या सल्ल्यांपैकी एक अगदी साधा होता : पाणी उकळून प्या. थराच्या भीतीने पाणी उकळणेच बंद केले, तर निरुपद्रवी गोष्ट टाळताना उपद्रवी गोष्ट घरात घेतल्यासारखे होते. उकळलेले पाणी मात्र झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने घ्यावे. त्यात हात किंवा उष्टा पेला बुडवला तर उकळण्याचा उपयोग राहत नाही.

थर काढावा कसा?

निरुपद्रवी असला तरी थर काढायला हवाच, तो किटलीच्या प्रकृतीसाठी. जाड थर उष्णता अडवतो. त्याखालचा धातू गरजेपेक्षा जास्त तापतो, किटली जास्त आवाज करते आणि तिचे आयुष्य कमी होते. कोरडी किटली तापू नये म्हणून तळाशी असलेले सुरक्षा बटण थरामुळे अवेळी तुटू लागते आणि पाणी उकळण्याआधीच किटली बंद पडते. तोटीवरच्या जाळीत कण अडकले तर पाणी ओतताना धार वेडीवाकडी पडते, आणि उकळत्या पाण्याची वेडीवाकडी धार म्हणजे पोळलेला हात.

उपाय स्वस्त आहे. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते. म्हणूनच तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासणाऱ्या आज्ज्यांच्या घरी रसायनशास्त्र न शिकता वापरले जात होते. किराणा दुकानात लिंबूसत्त्व किंवा लिंबूफूल म्हणून मिळणारे सायट्रिक अ‍ॅसिड यासाठी उत्तम. किटलीत १ लिटर गार पाणी घ्यावे, त्यात २ ते ३ छोटे चमचे पूड घालून ढवळावे आणि पाणी चांगले गरम झाले की किटली बंद करावी. उकळी येऊ देण्याची गरज नाही. बुडबुडे येतात तो थरातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड असतो. अर्ध्या तासाने पाणी ओतून द्यावे, मऊ कापडाने किंवा स्पंजने पुसावे, दोन-तीनदा साध्या पाण्याने विसळावे आणि एकदा साधे पाणी उकळून फेकून द्यावे. उकळत्या पाण्यात पूड टाकू नये, फसफसून पाणी अंगावर येऊ शकते.

पांढरे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळूनही चालते, पण त्याचा वास मागे राहतो. खाण्याच्या सोड्याने थर विरघळत नाही. व्हिनेगर आणि सोडा एकत्र केले तर फेस भरपूर येतो, पण दोघे एकमेकांची ताकद संपवतात. तारेच्या घासणीने स्टीलवर चरे पडतात आणि पुढचा थर त्यात अधिक घट्ट बसतो. बोअरचे पाणी असेल तर दर १५ दिवसांनी आणि तलावाचे असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा एवढे पुरते. रात्री उरलेले पाणी ओतून किटली उपडी न करता झाकण उघडे ठेवून कोरडी होऊ दिली, तर थर मुळातच कमी धरतो. तळाशी विजेची जोडणी असते, त्यामुळे किटली पाण्यात बुडवून किंवा थेट नळाखाली बाहेरून धुऊ नये.

साफसफाई चालू असताना किटलीवर कागद चिकटवावा किंवा घरच्यांना सांगून ठेवावे. किटलीत पाणी दिसले की बटण दाबणे हा सगळ्यांच्या हाताचा सराव झालेला असतो. लिंबूसत्त्वाचा चहा फारसे नुकसान करणार नाही, पण त्याच पाण्यात तान्ह्या बाळाचे दूध कालवले गेले तर ते चालणार नाही.

अ‍ॅसिडची बाटली

थर चटकन निघतो म्हणून संडास साफ करण्याचे द्रव वापरले जाते. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असते. ते थरासोबत स्टीलही खाते, बारीक खड्डे पाडते, त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला झोंबते आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. त्यातच ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रव मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात दम कोंडतो. खाण्यापिण्याच्या कोणत्याही भांड्याला हे द्रव लावू नये.

याहून मोठा धोका उरलेल्या अ‍ॅसिडचा असतो. सुटे अ‍ॅसिड शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत आणले जाते आणि ओट्याखाली ठेवले जाते. तहानलेले मूल किंवा अंधारात उठलेली वृद्ध व्यक्ती तीच बाटली तोंडाला लावते. एका घोटाने अन्ननलिका आणि जठर भाजते. जीव वाचला तरी जखम भरताना अन्ननलिका अरुंद होते आणि ती रुंद करण्यासाठी महिनोन्‌महिने रुग्णालयाच्या फेऱ्या घालाव्या लागतात. असे झाले तर उलटी करवू नये, मिठाचे पाणी किंवा सोडा देऊ नये. तोंड पाण्याने खळखळून धुवावे आणि बाटलीसह लगेच रुग्णालय गाठावे. डोळ्यात गेले तर किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धुवावा आणि मगच निघावे.

उकळते पाणी आणि लोंबती वायर

साठ अंश सेल्सिअसचे पाणी प्रौढ माणसाच्या त्वचेवर सुमारे ५ सेकंद राहिले तरी खोलवर भाजते. लहान मुलांची त्वचा पातळ असते, त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. किटलीतले पाणी शंभर अंशांच्या जवळ असते. आपल्या घरांत सॉकेट खाली असल्याने किटली पुष्कळदा जमिनीवर, पाटावर किंवा पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलेली असते. नुकतेच रांगू लागलेले मूल लोंबती वायर ओढते आणि किटली त्याच्या चेहऱ्यावर, छातीवर रिकामी होते. किटली ओट्यावर, भिंतीकडे सरकवून, वायर गुंडाळून ठेवणे ही या घरातली सर्वांत महत्त्वाची देखभाल आहे.

सर्दीसाठी किटलीच्या तोटीवर तोंड धरून वाफ घेणे किंवा किटलीतले उकळते पाणी पातेल्यात घेऊन मुलाला पांघरुणाखाली बसवणे, हेही टाळावे. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये वाफ घेताना भाजलेल्या मुलांची संख्या वाढल्याचे लक्षात आणून दिले होते.

भाजलेच तर पहिला उपाय साधे, वाहते पाणी, पूर्ण २० मिनिटे. नळ नसेल तर तांब्याने हळूहळू ओतत राहावे. ओले कपडे, बांगड्या, वाळे, मनगटातला दोरा लगेच काढावा. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. तान्ह्या बाळाचे उरलेले अंग उबदार ठेवावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, किसलेला बटाटा यातले काहीही लावू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे न्यावे. मुलाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी जागा भाजली असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, जननेंद्रिय भाजले असेल तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

विजेचे गणितही सोपे आहे. १,५०० वॉटची किटली २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर वीज ओढते. घरातले छोटे सॉकेट आणि स्वस्तातले एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचे असतात. त्यावर किटली लावली की प्लग तापतो, काळवंडतो आणि एखाद्या दिवशी जळतो. किटली मोठ्या, तीन पिनच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावावी आणि तिसरी पिन मोडून काम भागवू नये. बैठक ओली असताना किटली तिच्यावर ठेवू नये. झाकण उघडे राहिले तर वाफ स्वयंचलित बटणापर्यंत पोहोचत नाही आणि किटली आपोआप बंद होत नाही. वसतिगृहातल्या मुलांनी तिच्यात दूध, नूडल्स, अंडी उकळू नयेत, कारण उतू गेलेले पाणी बटणात शिरते.

उत्पादकांचीही जबाबदारी आहे. बहुतेक किटल्यांसोबत येणारे माहितीपत्रक इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते, आणि ते खोक्यासोबत फेकले जाते. थर कशाने काढावा, कशाने काढू नये, मुलांपासून किटली किती दूर ठेवावी, या चार ओळी मराठीत थेट किटलीच्या बैठकीवर छापणे अवघड नाही. वसतिगृहे आणि रुग्णालयांनीही किटलीवर सरसकट बंदी घालून ती पलंगाखाली लपवायला लावण्यापेक्षा, योग्य सॉकेट असलेला एक ओटा ठरवून दिला तर अपघात कमी होतील.

तोवर घरापुरता नियम एवढाच : पांढरा थर महिन्या-पंधरवड्याने लिंबूसत्त्वाने काढावा आणि त्याची चिंता सोडून द्यावी. अ‍ॅसिडची बाटली घरात असेल तर ती आजच मूळ लेबलसह, कुलपात ठेवावी. आणि किटलीची वायर आत्ता कुठे लोंबते आहे, ते एकदा जाऊन पाहावे.